आत बाळंतीण हाय

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात मला एका माणसानं कुजबुजत झापलं.

आमच्या कोल्हापूरकडं कुणी कुजबुजत नाही. चहा घेता काय म्हणून विचारलं तरी नव्या माणसाला वाटतं, भांडण लागलं. भूपाल आण्णा तेवढा वेगळा. तळ्यावरचा सरकारी राखणदार. जैनाचा माणूस, कांदासुद्धा खात नाही, आणि जन्मभर राखले मासे.

पावसाळ्यात तळ्यातले मासे ओढ्यानं उलटे वर चढतात, अंडी घालायला. आम्ही त्याला चढण म्हणतो. चढणीचा मासा गाभोळीनं भरलेला, धरायला सोपा, खायला गोड. म्हणून धरायला बंदी. त्या दिवसांत आण्णा पायताण हातात घेऊन ओढ्याकाठी फिरायचा आणि येईल त्याला सांगायचा, "हळू बोला. आत बाळंतीण हाय."

मी तिसरी शिकलेला. पण जाळ्याला माझी गाठ बसली की ती दुसऱ्या कुणाला सुटत नाही. आण्णानं माझी चार जाळी धरून नेलेली. ती तो विकून खातो, असं मी चावडीवर ओरडून सांगितलेलं.

त्या दुपारी धुकं इतकं खाली आलेलं की ऊस कुठं संपला आणि आभाळ कुठं लागलं कळेना. ओढ्यात मासे चढत होते. दगडाशी थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा वर. भरल्या दिवसांच्या बायांनी देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तसे. मी बघतच राहिलो. मग आठवलं, आपण धरायला आलोय. जाळं टाकायला वाकलो, तर कानाशी आवाज.

"पावणं, काढा वर."

"पावणं कुणाला म्हणतोस? माझ्या बाचा वढा हाय ह्यो!"

"हळू. वढा तुझ्या बाचा आसंल, पर ह्या माहेराला आल्यात न्हवं?"

अर्धा तास भांडलो. मीही कधी कुजबुजायला लागलो, माझं मलाच कळलं नाही.

जाळं घेऊन तो बांधाखालच्या आपल्या घराकडं निघाला. मी मागोमाग. जाळं कुठं जातं ते आज बघायचंच होतं. आत गेलो तर आढ्याला पाळणा टांगलेला, जुन्या जाळ्यांचा विणलेला. मी हात लावून बघितला. गाठ माझी.

"कुणाला रं ह्यो?"

"सुमनला. पयलं बाळंतपण."

सुमन त्याची एकुलती लेक, कबनूरला दिलेली. आई तिची कधीच गेली.

"मग आणली न्हाईस?"

"सासरचा सांगावा आलाय, उद्या न्या, न्हाईतर हितंच करतो. माझी भण, वडगावची आक्का, डिंक घिऊन कालच आलीया. पर आणायला मुराळी नगो? भाऊ न्हाई तिला. मीच गेलो आस्तो..." त्यानं दाराबाहेर ओढ्याकडं बघितलं. "चढण ऐन भरात हाय. मी वळलो की तू जाळं लावशील."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

"मी राखतो की वढा."

आण्णा हसला, तेही आवाज न करता. "तुझ्यावर वढा सोडू? खुळा न्हाई मी."

त्यानं पाळण्यातली माझी गाठ ओढून बघितली. मग म्हणाला, "लेकीला आण तू. मुराळी हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि कबनूरची गाडी धरली. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट असा की आपला शब्द आपल्याला ऐकू येईना. सुमन कमरेवर हात ठेवून सावकाश दारात आली. मी पायताण काढून हातात घेतलं.

"चल बाळ, घरला."

"काय म्हणताय काका? वरडून सांगा की!"

मला काही ओरडवेना.