तुळजाबाईंनी मान वर न केल्याची हकीकत

श्रीहिमाई प्रसन्न. उतरणीस वेग देणारी आणि घसरत्यास सावरणारी जी माता, तिचे स्मरण करून लिहिले असे. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सर, माघ शुद्ध सप्तमी, ते दिवशी बर्फाचे राज्यात घसरगाडीचा संग्राम मांडला. चौथे वर्षी एकदाच हा संग्राम होतो आणि बारा राज्यांचे वीर येतात, आणि बर्फाची सोळा वळणे जो सर्वांहून लवकर उतरेल तो अजिंक्य म्हणवितो. पूर्वी या राज्याचे अजिंक्य देहाने बहुत भारी. जड गाडी वेगे धावते हे मर्म जाणून मुदपाकखान्यातून शेरशेर तूप त्यांचे पोटी जाई, आणि लागोपाठ तीन संग्राम त्यांनी नुसत्या पोटावर मारिले. मग इतरांनी कागाळी केली आणि माणसांसुद्धा गाडी तराजूत घालण्याची चाल पडली, आणि पोटांचे राज्य बुडाले. मग पळणारे आले. गोंदाजी हंबरे यांनी गाडी ढकलीत अशी धाव घ्यावी की पाहणाऱ्याचे पागोटे उडावे. तेही दोनदा अजिंक्य जाहले, आणि तिसरे वेळी मागे बसल्या जागी, आपण जिंकतो की काय, म्हणून मान वर केली, आणि वारा मानेस अडला, आणि पापणी लवायचे आत अजिंक्यपद गेले ते बारा वर्षे आले नाही. तेव्हापासून दंडक जाहला की मागे बसणाराने डोके गुडघ्यांत घालावे, वळणे अंगावर मोजावी, आणि सोळा भरून रेघ ओलांडली म्हणजेच थांबवायचा दांडा ओढावा.

या वर्षी सारथ्यास दर्याबाई आणि मागे तुळजाबाई घारगे नेमिल्या. तुळजाबाईंचे वय पंधरा आणि पाय एका जागी ठरतील तर शपथ. पंगतीत भातावर वरण पडायचे आत तीनदा उठत. पण ढकलण्यात तोड नाही. गोंदाजी आता वस्ताद, ते म्हणाले, "हिला पाटावर बसता येत नाही, गाडीत काय बसेल? मी मान एकदा वर केली, ही सोळादा करील." तुळजाबाई म्हणाल्या, "काका, तुमची अजून वरच आहे. खाली बघा, मी तुमच्या पायाशी उभी आहे." दर्याबाईंनी हसू गिळले आणि म्हणाल्या, "बोललीस ना, आता निभाव." मग गोंदाजींनी शपथ घातली की, "मी सांगितल्याशिवाय मान वर झाली, तर पुन्हा या गाडीस हात लावायचा नाही." तुळजाबाईंनी पटकन हो म्हटले.

शेवटली उतरण आली, आणि आधीचे उतरणींचे हिशेबे पूर्वेचे राज्य केसभर पुढे होते. तुळजाबाईंनी गाडी ढकलली, आणि उडी घातली, आणि डोके गुडघ्यांत घातले. एक, दोन, तीन मोजिले, आणि नववे वळणी गाडी भिंतीस आदळली, आणि मग ते नववे की दहावे हेच कळेना. पुढे एका हिशेबे सोळा भरली, दुसऱ्या हिशेबे पंधरा. हात दांड्यावर, आणि मानेवर मुंगी फिरावी तशी मान शिवशिवते. आता पाहावे, नुसते एका डोळ्याने. आता ओढावे. बाहेर नगारे झडत आणि आत दर्याबाई काही बोलल्या की नाही कोण जाणे. मग तुळजाबाईंनी दात आवळले आणि दोन्ही केले नाही.

गाडी रेघ ओलांडून गेली आणि दर्याबाई "ओढ, ओढ" म्हणून ओरडत असता गवताचे भारे उधळून थेट मुदपाकखान्याचे राहुटीत शिरली आणि पिठल्याचे पातेले उपडे करून थांबली. लोक धावले. पंचांनी पापणीभर अंतराने अजिंक्यपद या राज्यास सांगितले, आणि तुळजाबाई तशाच घडी घालून बसलेल्या. गोंदाजी धापा टाकीत आले आणि म्हणाले, "पोरी, मान वर कर." आतून आवाज आला, "कोण बोलतंय?" "मी. गोंदाजी." "मग नीट सांगा. शपथ सुटली का?" गोंदाजी पिठल्यात गुडघे टेकून बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "सुटली, बाई."

तात्पर्य, जीत सर्वांनी पाहिली, जिंकणारीने पाहिली नाही. तिने मान वर केली तेव्हा पुढे वस्तादांचे पागोटे होते, आणि त्यास पिठले लागले होते. येणेप्रमाणे जाहले ते लिहिले असे.