एका धमकीची गरज

ज्ञानदाला एक धमकी हवी होती. खरीखुरी, स्वतःच्या कानांनी ऐकलेली. तिचा प्रबंध होता तुळिंजमधल्या टोळ्यांवर आणि त्यांच्या छायेत तग धरून राहणाऱ्या वस्तीवर. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, ऐकीव धमक्या चालणार नाहीत. धमकी नाही तर पीएचडी नाही.

म्हणून तिने तुळिंजलाच खोली घेतली आणि पाण्याचे टँकर ज्याच्या टोळीच्या ताब्यात होते त्या आत्मारामला गाठलं. आपल्यावर कुणी लिहितंय म्हटल्यावर तो असा खूश झाला, की त्याने पोरांना तंबीच दिली, ताईंसमोर आवाज चढवायचा नाही. पोरं बायकांचे हंडे उचलून घरपोच द्यायला लागली.

ज्ञानदा हटणारी नव्हती. टोळी दाद देत नाही, तर वस्तीलाच विचारू. ती टँकरवर ड्रायव्हरशेजारी बसून चाळीचाळींतून हिंडू लागली. उतरायची, चष्मा पुसायची आणि सरांनी मंजूर केलेली प्रश्नावली शांतपणे वाचायची.

"घरात माणसं किती? मुलं शाळेतून कुठल्या रस्त्याने येतात? रात्री दार कोण उघडतं? भीती वाटते का?"

पहिल्याच दिवशी चाळीतल्या विनयाकाकूंनी रडत रडत पाण्याच्या रांगेतला आपला नंबर तिला दिला. सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ आत्मारामला कधी बधले नव्हते. ते केळ्यांचा घड घेऊन तिच्या दारात आले.

"ताई, पाणी आधी तुम्ही भरा," ते म्हणाले. "फक्त ते शाळेच्या रस्त्याचं आपल्यातच ठेवा."

वस्ती अगत्यशील आहे, अशी ज्ञानदाने नोंद केली.

हळूहळू टँकरभोवतीची भांडणं थांबली आणि आत्मारामला कुणी विचारेनासं झालं. त्याच्या पोरांनी डोळे वटारले, की बायका ज्ञानदाताईंना सांगायची भीती घालत.

शेवटी आत्माराम तिच्या खोलीवर आला. चपला बाहेर काढून.

"ताई, त्या प्रश्नांची एक झेरॉक्स द्या."

"संशोधनाचं साधन आहे. असं देता येत नाही."

"धंदा बसला आमचा. पानी आमचं, टँकर आमचा, आन् लोक घाबरतात तुमाला." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "गपचूप द्या, नायतर..."

ज्ञानदाच्या अंगावर आनंदाने काटा आला. तिने पेनाचं टोपण काढलं, चष्मा पुसला.

"नाहीतर काय? सावकाश सांगा. मी लिहून घेते."

आत्मारामने पेनाकडे पाहिलं. चष्म्याकडे पाहिलं. मग तो खाली बसला.

"दोन पोरं हायेत, ताई. शाळेतून रिक्षाने येतात. दार आई उघडते."