तळातल्या पाण्याची हरकत

लवू कुबल यांच्या होडीच्या तळात राहणाऱ्या पाण्याने पंप बसवायला लेखी हरकत घेतली, तेव्हा त्याच्या तिथल्या मुक्कामाला एकोणीस वर्षं झाली होती. अर्ज पोस्टमनने लिहून दिला होता आणि सहीच्या जागी ओल उमटवलेली होती. सापळेवाडीत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट लोक म्हणाले, एवढी वर्षं गप्प बसलं हेच नवल.

लवूची अडचण खरी होती. होडीच्या फळ्यांचे सांधे सुटले होते. खाडीचं पाणी पाच ठिकाणांहून आत येई आणि ते रोज डब्याने उपसावं लागे. यंदा त्याचा उजवा खांदाच गेला. डॉक्टरने सांगून टाकलं, उपसणं बंद करा, नाहीतर हात कायमचा बंद होईल. म्हणून लवूने बॅटरीवर चालणारा पंप आणला, भेगा बुजवायला कापूस आणि राळ आणली. पंप बसला तर होडी राहणार होती. नाही बसला, तर ती विकायची आणि उरलेलं आयुष्य पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'बरां मा?' विचारत काढायचं. 

चौकशीला तालुक्याहून वहिवाट निरीक्षक धामापूरकर आले. कुणाच्या राहत्या जागेत शिरायचं म्हणून त्यांनी बूट किनाऱ्यावर काढून ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीतल्या आडव्या फळीवर बसून कागद मांडीवर घेतला.

"अर्जदाराने आपलं म्हणणं सांगावं."

"माजी मानसां भायर आसत," तळातून पाणी म्हणालं. "ह्या भेगांतसून येतत, घटकाभर बसतत, जातत. भेगो बुजवल्यार त्येंनी येवचां खंयसून? आनि तो पंप माका उचलून भायर टाकतलो. एकुनीस वर्सां हंय काडलंय, सायब."

"सलग बारा वर्षं राहिलेल्याला हलवता येत नाही," निरीक्षक म्हणाले. "मात्र मधे एकदा जरी होडी पूर्ण कोरडी झाली असेल, तर हक्क तुटतो. श्री. कुबल, तुम्ही कधी तळ पूर्ण उपसला होता का?"

एक 'होय' म्हटलं की काम झालं असतं. पण कुबलांच्या घराची रीत अशी, की शेवटचं करवंटीभर पाणी कधी उपसायचं नाही. पावसाळ्यात होडी वर ओढली की ते करवंटीभर पाणी बरणीत भरून घरी न्यायचं, चुलीजवळ ठेवायचं आणि मोसम लागला की परत तळात ओतायचं. नाहीतर होडी पाणी विसरते. ही होडी पहिल्यांदा पाण्यात घातली त्या दिवसापासून लवूने रीत पाळली होती. शिवाय रोज सकाळी उपसताना तो या पाण्याशी बोलायचा. मासळी, गुडघे, सत्यवतीचा राग, सगळं त्याला ठाऊक होतं. अशा पाण्यासमोर खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"नाय," तो म्हणाला. "कदीच नाय."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. लवूने पंपाच्या खोक्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

सत्यवती, लवूची बायको, चहा घेऊन आली होती. ती कपबशा हातात धरून तशीच उभी राहिली. "सायबानु, माका एक सांगूचां आसा."

"तू गप ऱ्हव गो," लवू म्हणाला.

"अकरा वर्सां गप ऱ्हवलंय तां पुरे झालां." तिने कपबशा फळीवर ठेवल्या. "अकरा वर्सांमागे मांजरान बरनी आडवी केल्यान. सगळां पानी चुलीत. ह्येंका सांगितलंय असतंय तर ह्येंनी घर डोक्यार घेतला असता. म्हनान मी बावचां पानी भरलंय आनि मूठभर मीठ घातलंय."

"अकरा वर्सां माका फसवलंस?"

"मगे काय! अकरा वर्सांत होडी बुडली?"

 विहिरीचं पाणी ओतल्याला किती वर्षं झाली ते निरीक्षकांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. बाराला एक वर्ष कमी पडत होतं. त्यांनी 'अर्ज नामंजूर' असं लिहिलं आणि खाली सही केली.

लवू जिंकला होता. त्याला मात्र जिंकल्यासारखं अजिबात वाटेना.

"खंयची बाव?" पाण्याने विचारलं.

"परसातली," सत्यवती म्हणाली. "माडाखालची."

"मगे भायरची ती माजी कोन नाय?"

 निरीक्षक आपल्या पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. लवू पुढे सरकला.

"सायब, आमच्या बावचां पानी हां," तो म्हणाला. "तां भाडोत्री कसां? तां घरातलां."

निरीक्षकांनी विचार केला. मग 'अर्जदाराचे मालकाशी नाते' या रकान्यातला 'भाडोत्री' शब्द खोडून त्यांनी 'कुटुंबातील' असं लिहिलं. कुटुंबातल्याला जागा सोडायला लावता येत नाही, हेही त्यांनी वाचून दाखवलं. आता पंपाचं काय, असं ते विचारणार, तेवढ्यात पाणीच म्हणालं, "लवू, भेगो बुजव."

होडी वर घेतली. ते चार दिवस पाणी बरणीत राहिलं. सत्यवतीने बरणीवर झाकण ठेवलं, झाकणावर वरवंटा ठेवला आणि मांजराला तेवढे दिवस शेजारी पाठवलं. लवूने डाव्या हाताने पाचही भेगांत कापूस ठोकला, वर राळ चढवली. पंप बसवताना त्याच्या नळीचं तोंड तळापासून दोन बोटं वर ठेवलं, म्हणजे खालचं करवंटीभर पाणी त्यात ओढलं जायचं नाही. मग बरणी आणून तळात ओतली आणि होडी पाण्यात लोटली.

खाडीच्या मुखाशी पहिली मोठी लाट लागली. लाकडी होडी कितीही बुजवली तरी थोडी गळतेच. कुठूनतरी ओंजळभर समुद्र आत आला आणि तळाकडे निघाला.

"लवू," खालून हळूच आवाज आला, "माका पवाक येना नाय, बुडतलंय."

"मी आसंय मा हंय," लवू म्हणाला आणि त्याने पंपाचं बटण दाबलं.