दहाव्याला प्रकरण सत्ताविसावं

कादंबरी विकत घ्यायची नाही, हे मी ठरवलं आणि चारचौघांत जाहीरही केलं. लेखक जाऊन शंभर वर्षं झाली, मग छापील प्रतीचे पैसे नेमके कुणाच्या घशात घालायचे? फुकटचं ॲप आहे, मोबाइल आहे, डोळे आहेत (चष्म्यासकट). साताऱ्याच्या कचेरीतला मी साधा कारकून असेन, पण जुन्या कादंबऱ्या एकामागून एक फस्त करतो आणि घरात पुस्तक म्हणाल तर एक नाही. बोला!

"निदान मामांच्या दहाव्याला तरी तो मोबाइल घरी ठेवा," प्रांजल, म्हणजे आमची ही, म्हणाली.

तिचं बरोबर होतं. आमच्या लग्नपत्रिकेत तिच्या बिराप्पा मामांचंच नाव छापायचं राहिलं होतं. (प्रूफ मी तपासलं होतं. कादंबरी वाचता वाचता.) तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. आता मामा गेले. भामाबाई मामींनी तरी जवळ करावं, एवढंच बिचारीला हवं होतं. एसटीत म्हसवडपर्यंत ती नुसती रडत होती. मी मोबाइल खिशात ठेवला. घरी नाही, खिशात.

नदीकाठी पिंड मांडला, पण कावळा शिवेना. झाडावर दहा-बारा बसलेले, एकही खाली उतरेना. तास झाला. शेवटी मी मागं सरकून हळूच वाचायला घेतलं. (नायिका सासरच्या दारात उभी होती हो! अशी कशी सोडायची?)

"जीव कशात तरी अडकलाय गड्या," धुळाअण्णा म्हातारा म्हणाला.

"त्या पत्रिकेतल्या नावात! दुसरं काय?" मामी कडाडल्या.

सगळी भावकी आमच्याकडं वळली. प्रांजलनं माझ्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. मी घाईघाईनं मोबाइल खिशात कोंबला, आणि मेलं ते मोठ्यानं वाचायचं बटण नेमकं तेव्हाच दाबलं गेलं. खिशातून बाईचा आवाज आला, "चुकलं माझं. मला एकदा पोटाशी धरा!"

आणि कावळा खाली आला.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. मामींनी प्रांजलला मिठीत घेतलं. दोघी हमसून हमसून रडल्या. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

"प्रकरण सत्ताविसावं," खिसा म्हणाला.

मी बटण शोधायला लागलो.

"आवं जावईबापू, ऱ्हाऊ द्या की! कोण बोलतंय त्यात?"

"जुनी कादंबरी आहे, मामी."

"मग त्या पोरीला घरात घेतली का न्हाई?"

"अजून वाचायचंय."

"मग बंद कशाला करताय? ह्यांना गोष्टीचं लय याड हुतं, म्हणून तर कावळा आला! ह्यो फोन वर्षश्राद्धापतुर हितंच ऱ्हाऊ द्या."

मी तोंड उघडायच्या आत प्रांजलनं माझा फोन मामींच्या हातात ठेवलासुद्धा.

महिना झाला. "छापील प्रत आणू का?" प्रांजल विचारते. मुळीच नाही! तत्त्व म्हणजे तत्त्व. मी रोज संध्याकाळी तिच्या साध्या, बटणांच्या फोनवरून (त्यात कसलं आलंय ॲप!) माझ्याच नंबरला फोन लावतो.

"मामी, त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"तेच ऐकाय धा बाया जमल्यात! तुमचा फोन आला की गोष्ट बंद पडती. जावईबापू, शिकल्या-सवरल्या माणसानं लोकाच्या फोनवर असा सारखा फोन करू न्हाई!"