पंपाचा गेट पास

दहा दिवसांची रजा कशी घालवावी, हे माझ्याकडून शिकावं! पहिल्याच सकाळी मी घरात जाहीर केलं, "या रजेत लेकीला सायकल शिकवणार म्हणजे शिकवणार!" आठ वर्षांची लेक आनंदाने उड्या मारायला लागली. त्यानंतर नऊ दिवस मी "उद्या नक्की" म्हणत पलंगावर लोळलो. बावीस वर्षांच्या नोकरीचा शीण एकदम अंगावर आला होता, दुसरं काय!

शेवटच्या सकाळी लेक हेल्मेट घालूनच उशाशी उभी. "बाबा, आज शेवटचा दिवस आहे."

"आलोच गं!" म्हणून उठलो. चाकांत हवा नव्हती. हाफ पँट आणि स्लिपरवरच मेहुण्याकडे गेलो, त्याचा हवा भरायचा पंप काखोटीला मारला आणि परत निघालो. वाटेत माझा नेहमीचा बसथांबा. बस आली. बावीस वर्षं ती आली की मी चढतो. चढलो! खिडकीशी जागा मिळाली, डुलकी लागली आणि नीट जाग आली तेव्हा मी ऑफिसच्या हजेरी मशीनवर अंगठा टेकवत होतो!

तसाच मागे फिरलो, तर गेटवर वॉचमन आडवा.

"साहेब, पंप कुठे नेताय? गेट पास?"

"अरे, माझाच आहे! म्हणजे मेहुण्याचा आहे!"

"तुमचा, की मेहुण्याचा?"

पासशिवाय ऑफिसातून टाचणीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे. नियम माझाच. पास देणारा कारकूनही मीच! पंप तिथेच टाकून पळावं, तर हवेशिवाय सायकल काय कामाची? धावत टेबलाशी गेलो, पास फाडला, सही ठोकली. वॉचमनने ती निरखून पाहिली.

"पण तुम्ही तर रजेवर. रजेवरच्या माणसाची सही चालत नाही. तुमचंच परिपत्रक आहे, साहेब."

गेलो मोठ्या साहेबांकडे. ते म्हणाले, "सोपं आहे. रजा रद्द करून घ्या." मी अर्ज खरडला, त्यांनी लगेच मंजूर केला. "झालं! आता तुम्ही कामावर. साडेपाचपर्यंत हलायचं नाही!" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नऊ दिवसांचा गठ्ठा हसत हसत माझ्याकडे सरकवला.

घरी फोन लावला.

"अहो, पंप आणायला गेलात तरी कुठे?" बायकोने विचारलं.

"ऑफिसात."

ती म्हणाली, "ती अजून हेल्मेट घालून दारात उभी आहे," आणि फोन ठेवला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातलं पत्र मी तीनदा वाचलं, तरी एक अक्षर कळलं नाही.

साडेसहाला घरी पोचलो, तर आवारात लेक सायकलवरून गोल गोल फिरत होती! तळमजल्यावरच्या आजोबांनी सायकल दुकानात नेऊन हवा भरून आणली होती आणि ते दुखऱ्या गुडघ्याने दुपारभर तिच्यामागे धावले होते. आनंद झाला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. नऊ दिवस माझ्या हातात होते की!

न राहवून मी धावलो आणि मागून सीट धरली. सायकल डगमगली.

"बाबा, सोड ना! तू धरलंस की मी पडते!"

सोडली. कठड्यावर दम खात बसलेले आजोबा जरा सरकले आणि मला जागा करून देत म्हणाले, "बसा, बसा. दमला असाल ऑफिसात!"