सासूबाईंच्या पदरावरचा पतंग

अर्जुनी मोरगावच्या निसर्ग मंडळात अतुल मास्तरांना कोणी मोजत नसे. मागच्या वर्षी त्यांनी 'दुर्मीळ फुलपाखरू' म्हणून फोटो टाकला, ते वेफरचं पाकीट निघालं होतं. घरीही तीच गत. सासूबाई पार्वताबाईंच्या तोंडून बारा वर्षांत एक चांगला शब्द निघाला नव्हता, आणि ते मास्तरांच्या फार मनाला लागे.

त्यामुळे त्या सकाळी अंगणातल्या दोरीवर, सासूबाईंच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साडीवर, तळहाताहून मोठा पिवळा पतंग दिसला तेव्हा मास्तर हरखून गेले. चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका, तोही काचेसारखा आरपार. असला जीव या जिल्ह्यात कोणी पाहिलाच नसणार, असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि गोंदियाला निवृत्त प्राध्यापक गुलाबचंद सरांना फोन लावला.

"फोटो नका पाठवू," सर म्हणाले. "स्वतः येऊन पाहतो."

मास्तर त्यांना आणायला स्टेशनवर गेले. सरांना घेऊन परतले, तर दोरी रिकामी.

"अल्का, दोरीवरची साडी कुठं आहे?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"आई नेसून गेली. साक्षगंध आहे ना आज. तुमी काऊन घाबरून राहिले?"

"अगं, तिच्यावर पतंग होता."

"आईचा चष्मा फुटला आहे. तिले काय दिसते?"

मास्तर आणि सर धावतपळत साखरपुड्याच्या सभागृहात पोचले. पार्वताबाईंना बायकांचा गराडा पडला होता. खांद्यावर, पदराच्या ऐन मोक्याच्या जागी, पतंग पंख पसरून निवांत बसला होता.

"काय नक्षी आहे बाई," सुशिलाबाई म्हणाल्या. "कुठून घेतली?"

कसली नक्षी, हे पार्वताबाईंना कळलं नाही. पण मान मिळत होता, तो कोण सोडतं?

"जवायानं घेऊन देली. मोठा जीव आहे त्याचा माह्यावर. असा जवाई शोधून सापडणार नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. गुलाबचंद सर मात्र पतंगाकडे पाहून हसू दाबत होते.

"मास्तर, हा कोशाचा पतंग. त्या साडीचा रेशमी धागा याच्याच जातीच्या अळ्यांच्या कोशातून निघतो. ऐनाच्या झाडांचं जंगल असेल तिथं हा असतोच, इथून पार गडचिरोलीपर्यंत. तुमच्या गावातले धिवर बांधव तो पाळतात. थांबा, बाईंना सांगतो आणि अलगद काढून घेतो."

सर दोन पावलं पुढे गेले. मास्तरांनी त्यांचा दंड घट्ट धरला.

"सर, तुमची परतीची गाडी चुकेल."