मास्तरांची डिझेल गाडी आणि माझी कसून तपासणी

जुनी डिझेल गाडी कशी पारखावी, हे मला विचारा! बोनेटवर नुसता हात ठेवला की इंजिनाची नाडी कळते मला. बायकोची बदली दूरच्या दवाखान्यात झाली, गाडी घेणं भाग पडलं आणि माझ्यातला तज्ज्ञ बाह्या सरसावून उभा राहिला.

गाडी होती एका निवृत्त मास्तरांची. साबणाच्या डबीएवढी!

"मला भरवसा नाही हो हिचा," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "मंडईपलीकडे कधी नेलीच नाही. वाटेत बंद पडली तर?"

"ते मी बघतो!"

बोनेट गार. म्हणजे आधीच तापवून ठेवण्याची लबाडी नाही. किल्ली फिरवली, इंजिन एका दमात सुरू! धुराड्यापाशी माझा पांढरा रुमाल धरला, तो जेमतेम करडा झाला.

"आता चढ!" मी फर्मावलं. बायको मागे, मास्तर शेजारी, जीव मुठीत धरून.

चढाच्या मधोमध पावांची व्हॅन बंद पडलेली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! व्हॅनवाला धावत आला.

"साहेब, माथ्यापर्यंत ओढता का?"

"अहो, काहीतरीच काय!" बायको ओरडली.

"याहून मोठी परीक्षा कुठली?" म्हणत मी दोर बांधायला लावला.

पहिला गिअर. गाडी थरथरली. मास्तरांनी डोळे मिटले. आणि मंडळी, काय सांगू! मुंगीने कपाट ओढावं तशी व्हॅन हलली! इंजिन खोल, संथ सुरात घुमत होतं. ना धूर, ना धाप. मागचे हॉर्न आपोआप थांबले. माझ्या अंगावर काटा आला. माथ्यावर पोचल्यावर दोर सोडला, मी आणि बायको खाली उतरलो.

मास्तर उतरले. गाडीभोवती हळूहळू फिरले. "ही... माझी गाडी?"

"तुमचीच! कुठेही न्या, दगा देणार नाही!"

"नक्की?"

"छातीठोक सांगतो!"

बायको मागून माझा शर्ट ओढत होती. लक्ष कोण देतंय!

"मग विकू कशाला?" मास्तरांनी डोळे पुसत माझ्या हातातून किल्ली घेतली. "बहिणीकडे जायचं कधीचं राहिलंय. आत्ताच निघतो! फार उपकार झाले हो तुमचे!"

आणि गेलेसुद्धा!

"काय ताकद आहे गं त्या गाडीत!" मी अजून भारावलेलाच.

"हो ना," बायकोने पदर खोचला. "आता तुमची दाखवा. उतारापर्यंत व्हॅन ढकलली, तर ती सुरू होईल, आणि हे व्हॅनवाले आपल्याला घरी सोडतायत."